पडण्याचा हंगाम

भात कापून झालं. पेंढ्याचे भारे गेले, खळं झाडून झालं आणि आमचं शेत उघडं पडलं. दिवाळीनंतरचं हे ऊन मला लग्न होऊन इथे आल्यापासून आवडतं. सकाळी धसकटांवर दव असतं, दुपारी मातीला बारीक भेगा पडू लागतात, संध्याकाळी कुणीतरी पाचोळा पेटवलेला असतो. हायवेच्या बाजूने गोडाऊनचे ट्रक रिव्हर्स घेताना पीं पीं करत असतात, पण त्याची आता इतकी सवय झालीय की आवाज थांबला तरच आम्ही माना वर करतो. काल महेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पडवीतली ताडपत्री ओढली आणि गाडी बाहेर काढली. टायरच्या खाचांत गेल्या हंगामाची माती अजून होती. आमच्या ओसरीवर माझी मोठी जाऊ, सुनंदावैनी, लसूण सोलत बसल्या होत्या. "काढली का गो तुझी रणगाडी?" त्यांनी विचारलं. मी हसले खरी, पण गाडीकडे बघायचं टाळलं.

महेशला वाटलं, मी घाबरले. "अजून भ्या वाटतं?" म्हणाला. भीती कसली डोंबलाची! इतक्यांदा आपटल्यावर भीती उरते कुठे? मला वाटते ती लाज. हे ऊन पडलं, धसकटं पायाला टोचायला लागली आणि पेट्रोलचा वास पडवीत आला की मला गेल्या वर्षीचा हंगाम आठवतो, आणि कानाच्या पाळ्या गरम होतात. माझी पहिली रेस होती ती. लोक विचारतात तेव्हा मी रेसबद्दलच सांगते. तयारीबद्दल फारसं बोलत नाही.

तर ती गाडी मुळात माझी नव्हतीच. महेशचं पडघ्याच्या नाक्यावर गॅरेज आहे. तिथे एक जुनी मोटारसायकल पडून होती. तिचा दिवा काढ, मडगार्ड उंच कर, खाचांचे टायर चढव, असं करत करत त्याने तिची डर्ट बाईक बनवली, स्वतःसाठी. पण कंबरेने दगा दिला. एका रविवारी गाडी शेतात उभी होती आणि मी सहज बसले. मानकोलीला एका गोडाऊनमध्ये मी डिस्पॅचचं काम बघते, रोज स्कूटरने जाते, तेव्हा गाडीचं मला नवल नव्हतं. सहज म्हणून पहिला गिअर टाकला. बांध आला, बांधावरून गाडी उडाली, मीही उडाले, आणि आम्ही दोघी पलीकडच्या खाचरात उभ्याच उतरलो. महेश पळत आला. मी गाडीवरून उतरायला तयार नव्हते. चाळिशीला टेकलेली, पोराला दहावीला बसवलेली बाई मी, आणि मला आई गं, असं झालं होतं की हे मला आधी कुणी सांगितलं का नाही!

मग महेशनेच रेसचं काढलं. शहापूरच्या पलीकडे माळावर होणार होती. ठरवून दिलेल्या वेळात ओढा, दगड, चिखल, चढ यांतून फेऱ्या मारत राहायच्या. पहिलं-दुसरं पुढची गोष्ट, आधी शेवटपर्यंत टिकायचं. बायकांचा गट वेगळा होता. "दमाचं काम हाय," तो म्हणाला, "आणि दम तुझ्यात हाय." सोळा वर्षांच्या संसारात या माणसाने माझी केलेली ही एकमेव स्तुती. मी लगेच हो म्हटलं.

हो म्हटलं, आणि दुसऱ्या क्षणी मनात आलं, लोक काय म्हणतील? इथूनच सगळं सुरू झालं. आमच्या जमिनीचा मोठा भाग गोडाऊनवाल्यांकडे गेला, तरी त्यांच्या कंपाउंडच्या उंच भिंतीमागे एक तुकडा आमचा राहिलाय. गावातून तो दिसत नाही. सराव तिथेच करायचा असं मी ठरवलं. पण जायचं कसं? महेशची जुनी जीन्स घालून गावातून गाडीवर बसून? छे! मग मी युक्ती काढली. जीन्सवर गाऊन घालायचा, गाऊनवर ओढणी, हातात विळा. बाई गवताला निघाली असं दिसलं पाहिजे. महेश गाडी हायवेकडून फिरवून मागच्या वाटेने आणायचा. भिंतीच्या आड गेलं की गाऊन काढून निवडुंगावर टाकायचा आणि किक मारायची.

किती खूश होते मी त्या युक्तीवर! आता आठवलं की स्वतःच्या डोक्यात टपली मारावीशी वाटते. कारण गावाला काय दिसत होतं? नवरा-बायको दुपार कलली की भिंतीमागे जातात. बायको विळा घेऊन जाते आणि गवताची एक काडी न आणता परत येते. येताना लंगडत असते. कधी कोपर सुजलेलं, कधी हनुवटी खरचटलेली. हातातल्या बांगड्या वाढलेल्या. नवरा मागून येतो, गप्प, मान खाली घालून.

तो गप्प असायचा कारण तो जन्माचाच गप्प आहे. मान खाली असायची कारण तो गाडीच्या क्लचचा विचार करत असायचा. पण हे कोण कुणाला सांगणार?

ते दिवस मात्र होते सुंदर. अंग रोज कुठेतरी नवीन ठिकाणी दुखायचं. पावडीवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवर, उभं राहून गाडी चालवायला शिकताना मांड्या इतक्या भरून यायच्या की घरी चुलीपुढे बसताना मी भिंतीला धरून बसायची. पडलेली गाडी एकटीने उचलायला महेशने शिकवलं. गाडीकडे पाठ करायची, खाली बसायचं, हँडल आणि मागचा दांडा धरायचा आणि कमरेने नाही, पायांनी उठायचं. ज्या दिवशी ते पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी रडले. भिंतीपलीकडे हमाल ट्रक भरत होते. त्यांतला एक उत्तर भारतातला, भिंतीवर चढून बघायचा आणि ओरडायचा, "भाभी, रेस मत छोडो! चढाई पे रेस मत छोडो!" मला त्याचीही लाज वाटायची, पण त्याचं बरोबर असायचं, चढावर ॲक्सिलरेटरचा हात सैल सोडला की मी पडायचीच. उजव्या बाजूला जास्त पडायची मी. गुडघा, कोपर, नडगी, खुबा, हाताच्या पंजाची कड. मला माझ्या अंगाचा तेव्हा नव्याने परिचय झाला. पडलं की कुठे लागतं आणि कुठे लागतच नाही, हे मी डोळे मिटून सांगितलं असतं.

त्यातच भावकीत लग्न निघालं. चुलत पुतणीचं. आमच्याकडे लग्नाआधी मांडवाच्या घरी बांगड्या भरायला मण्यारीण येते, आणि भावकीतल्या यच्चयावत बायका तिथे जमतात. दुपारची वेळ, अंगणात सतरंजी, मध्ये हिरव्या चुड्यांच्या पेट्या. मण्यारीण भिवंडीहून यायची, बोटं मऊ, तोंड गोड. एकेकीचा हात हातात घ्यायची, "हाथ ढीला छोडो बाई, ढीला," म्हणत दाबायची आणि बांगड्या सरसर चढवायची. माझी पाळी आली. मी बाही वर केली आणि मगच माझ्या लक्षात आलं की मी बाही वर केली आहे.

मनगटापासून कोपरापर्यंत काळंनिळं. मण्यारणीने हात दाबला नाही. पेटीतून एक माप मोठ्या बांगड्या काढल्या आणि मुकाट भरायला लागली. महेशच्या रखमाआत्या समोरच बसल्या होत्या, तोंडाने फटकळ आणि मनाने मायाळू.

"वनिता, काय झालं गो हाताला?"

"पडले आत्या."

"व्हय, व्हय," त्या म्हणाल्या. "पडलीस."

त्यांनी 'पडलीस' ज्या सुरात म्हटलं ना, तो सूर मी आयुष्यात विसरणार नाही. कुणी हसलं नाही. एकीने उसासा टाकला. दुसरीने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि तिथेही लागलेलं असल्यामुळे मी विव्हळले, मग तर विचारूच नका. मी घाईघाईने सांगायला लागले, "अहो खरंच पडले! गाडीवरून. मी रेसची तयारी करतेय. त्या गोडाऊनच्या मागे. बांधावरून उडी मारायची असते, मग..." मी सांगत गेले आणि त्यांचे चेहरे आणखी पडत गेले. रेस! बांधावरून उडी! नवऱ्याला वाचवायला बिचारी काय काय रचून सांगते बघा.

मी खरं बोलत होते. पण माझं खरं जे होतं, तेच शब्द आजवर कितीजणींनी खोटं म्हणून वापरून झिजवून टाकले होते. पडले. दार लागलं. मोरीत पाय घसरला. अंगणात बसलेल्या सगळ्यांना ते माहीत होतं.

चार दिवसांत महेशची दशा झाली. गॅरेजवर म्हाताऱ्या गिऱ्हाइकांनी त्याला संसाराचे धडे दिले. चहावाला त्याच्याशी बोलेना. रखमाआत्याने भर रस्त्यात त्याला धरलं, "तुझ्या आईनं तुला ह्याच्यासाठी वाढवला काय रं महेश्या?" हा माणूस कुत्र्यालाही हाड म्हणत नाही. घरी येऊन त्याने मला हे सांगितलं तेसुद्धा मी खोदखोदून विचारलं तेव्हा. वर म्हणाला, "दादानं पण बोलावलं होतं."

दादा म्हणजे माझे मोठे दीर, सुनंदावैनींचे यजमान. गावात त्यांचा शब्द चालतो. रस्त्यालगत मोठा बंगला, दारात पांढरी गाडी. सासरे लवकर गेले, तेव्हा महेशला त्यांनीच वाढवलं, शिकवलं, गॅरेज काढून दिलं. महेश त्यांच्यासमोर खुर्चीत बसत नाही.

"काय म्हणाले भावजी?"

महेशने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "म्हणाले, घराण्याचं नाव हाय. बाईला असं लोकांना दिसंल तसं कोण मारतं का? म्हणाले, माझ्या घरातून कधी आवाज ऐकलास?"

मला त्या वाक्याचा संताप आला, पण महेशच्या बाजूने. दादांनी असल्या बोलण्यावर विश्वास ठेवावा? आपल्या भावाबद्दल? वाक्यात दुसरं काही आहे याकडे माझं लक्ष नव्हतं. माझं लक्ष होतं माझ्या लाजेकडे. माझ्या हौसेपायी एका भल्या माणसाचं नाव गावभर नासत होतं. मी म्हटलं, मी रेस सोडते. तर तो म्हणे, "सोडलीस तर मग लोकांचं खरंच झालं की." आणि पुन्हा भाकरी खायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैनी आल्या. पदराखाली वाटी. आंबेहळद उगाळून आणली होती. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं, आणि माझा हात मांडीवर घेऊन लेप लावायला लागल्या. इतक्या वर्षांत आम्ही दोघी अशा कधी बसलो नव्हतो. त्या मोठ्या घरच्या, अबोल, अंगभर पदर घेणाऱ्या. मला वाटायचं, त्यांना आमचं घर कमी वाटतं.

"आधी काळं असतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मग हिरवं, मग पिवळं. पिवळं झालं का कुणी विचारत न्हाय. तवर लांब बाहीचा ब्लाउज घाल. आणि उलट बोलू नको. बोललं का वाढतं."

"अहो वैनी," मी हसून म्हटलं, "तुम्ही पण? देवाशपथ, मी खरंच पडले हो!"

त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्याही हसल्या. "मी पण," म्हणाल्या.

बस एवढंच. वाटी तिथेच ठेवून गेल्या. लेप वाळला, कातडी ओढायला लागली, तरी मी उठले नाही. मला कळलं होतं. आणि कळल्याबरोबर जे वाटलं ते दयेपेक्षा किंवा रागापेक्षा आधी लाजच होती. माझ्या अंगावरचा एकेक डाग मी हौसेने मिळवलेला. मी त्याला कौतुकाने आरशात बघायची! आणि ही बाई, आपल्याला एक सोबतीण मिळाली असं समजून, वाटी घेऊन माझ्या दारात आली होती. मी तिला हसून सांगितलं, मी तुमच्यातली नाही.

तरीही तेव्हा मला सुचलं ते महेशचंच. त्याचं नाव आधी धुऊन काढायचं. रविवारी मी रखमाआत्याकडे गेले आणि म्हटलं, "आत्या, सगळ्या बायकांना घेऊन गोडाऊनमागे या. मी पडते कशी ते डोळ्यांनी बघा." त्या येतील असं वाटलं नव्हतं. आलं अख्खं गाव. बायका, पोरं, बैलांच्या शर्यतीला बसावेत तसे बांधावर बसलेले म्हातारे. कुणी शेंगा आणल्या होत्या. भिंतीवर हमाल चढले. मी जीन्स घालून, हेल्मेट हातात घेऊन त्या सगळ्यांसमोर उभी राहिले तेव्हा वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं.

किक मारली. पहिला बांध नीट गेला. "आगं बाय माझे!" असा एकच ओरडा झाला. दुसरा बांधही गेला. आता बघा गंमत, ज्या दिवशी पडायलाच हवं त्या दिवशी पडता येईना! शेवटी नाल्याच्या उतारावर मागचं चाक सरकलं आणि मी उजव्या खांद्यावर अशी आपटले की चिखल दातांपर्यंत गेला. उठले. गाडीला पाठ लावून गाडी उठवली. पुन्हा चढवायला गेले, पुन्हा पडले. बांधावर हसून हसून लोकांची पुरेवाट. रखमाआत्या डोळे पुसत उठल्या, महेशकडे गेल्या आणि सगळ्यांसमोर त्याच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "माझं चुकलं रं पोरा. तुझी बायको खरंच येडी हाय."

महेशच्या नावावरचा डाग गेला. बायका माझ्याभोवती गोळा झाल्या, चिखल पुसायला लागल्या. वैनी लांब, भिंतीच्या सावलीत उभ्या होत्या. गर्दी पांगल्यावर जवळ आल्या. माझ्या हेल्मेटवर लागलेली काडी त्यांनी काढली.

"बरं झालं," म्हणाल्या. "तुझं खरं निघालं."

आणि पदर सावरून बंगल्याच्या वाटेला लागल्या.

त्या दिवसापासून गावात थट्टाच सुरू झाली. कुणाच्या पायाला ठेच लागली, "काय, रेस लावली का?" कुणाचं कपाळ फुटलं, "वनिताबाईची शाळा वाटतं!" पुतणीच्या हळदीला वैनी नवरीला हळद लावायला वाकल्या आणि त्यांची बाही वर सरकली. दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे हात अंगाला चिकटलेला असतो तिथे, ओळीने चार डाग, आणि पलीकडून एक. एक बाई हसत म्हणाली, "आगं, वैनी पण शिकतात वाटतं गाडी!" सगळ्या खिदळल्या. वैनीही हसल्या. बाही खाली ओढली.

आधी निदान उसासा तरी निघत असेल. एखादीने पाठीवर हात ठेवला असता. मी आले, चिखलात लोळले, आणि पडण्याचा मी विनोद करून टाकला. मला त्या हळदीच्या अंगणात बसवेना. गुडघा, कोपर, नडगी, खुबा. दंडाच्या आत पडून कधीच लागत नाही. हे त्या अंगणात माझ्याइतकं पक्कं कुणाला माहीत होतं? आणि मी गप्प बसून हळद लावून घेतली.

घरी येऊन महेशला सांगितलं. तो चेन साफ करत होता. त्याने ब्रश पेट्रोलमध्ये बुडवला. मग म्हणाला, "मला ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"वैनी लग्न होऊन आल्या तवापासून." त्याने वर बघितलं नाही. "दादाला कोण बोलणार, वनिता?"

ज्यांच्या जिवावर आपण उभे राहिलो त्या माणसाला तोंडावर बोलायचं म्हणजे या घराची मुळंच उपटायची. आम्ही दोघं त्या गाडीच्या दोन बाजूंना बसून राहिलो, दोघंही खाली बघत. सराव मात्र चुकवला नाही. लाज वाटत असतानाही माणूस क्लच-ब्रेक नीट दाबतो, याचंही मला आश्चर्य वाटायचं.

रेस झाली. धुरळा इतका की पुढच्या गाडीचा फक्त आवाज दिसायचा, असं मी गमतीने सांगते. ओढ्यात पडले, दगडांत पडले, शेवटच्या चढावर तर दोनदा पडले. आणि प्रत्येक वेळी, गाडी खाली जाते न जाते तोच झेंडे घेतलेली माणसं धावत यायची. "ताई, लागलं का? ताई, कुठे लागलं? पाणी देऊ?" प्रेक्षकांतली कुणी अनोळखी बाई दोरीपलीकडून ओरडायची, "अगं लागलं का तिला, बघा ना!" वेळ संपेपर्यंत मी टिकले. शेवटच्या दोघीतिघींत आले, पण टिकले. महेशने हेल्मेट काढायला मदत केली तेव्हा मी रडत होते, आणि त्याला वाटलं आनंदाने. आनंद होताच, खोटं कशाला बोलू? पण माझ्या कानात ते 'लागलं का' वाजत होतं. एका दिवसात इतक्या परक्या माणसांनी मला ते विचारलं होतं, आणि आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या बाईला मी एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भावजींनी बंगल्याच्या अंगणात माझा सत्कार ठेवला. आमच्याकडे काहीही झालं की शाल-नारळ होतोच. खुर्च्या मांडल्या, मंडळाची माणसं आली, रखमाआत्या पहिल्या रांगेत. भावजी भरभरून बोलले, "आमच्या घराण्याची सून! बाईमाणसाला आमच्या घरात मान हाय, म्हणून हे झालं." टाळ्या पडल्या. शाल माझ्या खांद्यावर आली. मग औक्षण करायला वैनींना हाक गेली.

वैनी ताट घेऊन बाहेर आल्या. पदर कपाळाच्या खूप खाली ओढलेला. त्या माझ्यासमोर आल्या आणि ओवाळायला त्यांनी मान वर केली. डावा डोळा सुजून मिटला होता. गालाच्या हाडावर काळं होतं, अजून हिरवंही न झालेलं.

पुढची खुर्ची किरकिरली. रखमाआत्यांनी विचारलं, "सुनंदा, काय झालं गो?"

वैनींनी तोंड उघडण्याआधी भावजीच हसत म्हणाले, "पडली मोरीत! आमच्या घरात आता बायांची पडायचीच शर्यत लागलीय." आणि मंडळी हसली. खरंच हसली. त्यांचा दोष नाही, त्यांना हसायला मीच शिकवलं होतं.

मला वाटलं होतं मी ओरडेन. पण आवाज अगदी रोजचा निघाला, गोडाऊनमध्ये ड्रायव्हरला चुकलेला माल परत न्यायला सांगते ना, तसा.

"पडण्यातलं मला सांगू नका, भावजी," मी म्हटलं. "मी रोज पडते. पडलं का असं लागत न्हाय."

कुणी हसलं नाही. हायवेवरचे ट्रक ऐकू यायला लागले. भावजींचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, ते त्यांना काढून घेता येईना. महेश माझ्या मागे उभा होता. तो पुढे आला. मला वाटलं, मला ओढून नेतोय. त्याने वैनींच्या हातातलं ताट घेतलं आणि दादांच्या पायापाशी जमिनीवर ठेवलं, निरांजन न विझू देता. मग तो दादांच्या डोळ्यांत बघत तिथेच उभा राहिला.

मी वैनींकडे वळले. त्या सगळ्यांसमोर, शाल अंगावर असताना, जे मला सगळ्यात आधी विचारायला हवं होतं ते विचारलं, "वैनी, लागलं का?"

त्यांनी पदर कपाळावरून मागे सारला. ऊन थेट त्यांच्या तोंडावर पडलं, आणि अंगणातल्या प्रत्येकाला तो डोळा नीट दिसला. त्या लपवत नव्हत्या.

"लागलं," त्या म्हणाल्या. मग दाराशी जाऊन पायाने काहीतरी शोधायला लागल्या. "थांब जरा वनिता. मी चपला घालते."